कार्बनचा ब्रश आणि रेल्वेचा ताळेबंद

रेल्वेच्या जमाखर्चाची बातमी आली की ‘ऑपरेटिंग रेशो’ नावाचा आकडा चर्चेत येतो. शंभर रुपये कमवायला रेल्वेला किती रुपये खर्च आला, एवढाच त्याचा अर्थ. २०२१-२२ मध्ये तो १०७.३९ होता, म्हणजे सरळसरळ आतबट्ट्याचा व्यवहार. पुढच्या वर्षी तो ९८.१० वर आला. यावर ठरलेला सल्ला असतो, खर्च कमी करा. पगार-पेन्शनला हात लावायची सोय नाही, म्हणून सगळ्यांची नजर जाते देखभाल-दुरुस्तीवर. तिथं चार पैसे वाचवले की झालं, असा समज.

पण इंजिनाच्या दुरुस्तीचा खरा खर्च दुरुस्तीच्या खात्यावर पडतच नाही. समजा, १०० इंजिनं आहेत आणि त्यातली १५ दुरुस्तीच्या शेडमध्ये उभी आहेत. रेल्वेच्या भाषेत ही ‘इनइफेक्टिव्ह’. त्यांची कोट्यवधींची किंमत मोजून झालेली असते, घसारा चालूच असतो, कमाई मात्र शून्य. या १५ ची ५ झाली, तर नवं इंजिन न घेता १० इंजिनं हाती येतात. याउलट एखादं इंजिन भर सेक्शनमध्ये, म्हणजे दोन स्टेशनांच्या मधेच, फेल झालं, तर मागच्या सगळ्या गाड्या खोळंबतात. तो तोटा कुठे लिहिला जातो? न भरलेल्या मालगाडीत आणि स्टाफच्या ओव्हरटाइममध्ये. भाड्याच्या उत्पन्नात मालवाहतुकीचा वाटा दोन-तृतीयांशाच्या आसपास आहे, हे लक्षात घेतलं की घाव कुठे बसतो ते कळेल.

मग इंजिनं शेडमध्ये जातात कशासाठी? कारणं पुष्कळ, पण माझा जीव एकाच भागावर आहे: कॉम्युटेटर.

डब्ल्यूएजी-७ किंवा डब्ल्यूएपी-४ या जुन्या धाटणीच्या विजेच्या इंजिनांत डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवरच्या, मोटरी असतात. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवायची, तर तार जोडून चालत नाही, ती पिळून तुटेल. म्हणून त्या भागाच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा गोल नळा बसवतात, तोच कॉम्युटेटर. दर दोन पट्ट्यांमध्ये अभ्रकाचा पातळ थर असतो आणि वरून स्प्रिंगच्या दाबाने कार्बनचे ब्रश घासत राहतात. प्रत्येक पट्टी ब्रशखालून जाते त्या निमिषात तिला जोडलेल्या वेटोळ्यातला प्रवाह उलटा व्हावा लागतो. वेटोळं मात्र स्वयंप्रेरणेमुळे, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याच्या गुणामुळे, अडून बसतं. प्रवाह वेळेत उलटला नाही, की ब्रशच्या मागच्या कडेला ठिणगी. ती टाळायला मोटरच्या मुख्य चुंबकीय ध्रुवांच्या मधे छोटे ‘इंटरपोल’ बसवतात. ते उलट दिशेचा दाब निर्माण करून प्रवाहाला ढकलतात.

पुढची गंमत अभ्रकाची. तो तांब्यापेक्षा चिवट. तांबं झिजतं, अभ्रक तसाच राहतो आणि त्याच्या कडा वर येतात. ब्रश त्यावरून उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला ठिणगी पडते. म्हणून शेडमध्ये अभ्रक पट्ट्यांच्या पातळीखाली कोरून काढावा लागतो, त्याला ‘अंडरकटिंग’ म्हणतात. शिवाय तांब्यावर कॉपर ऑक्साइड, ब्रशमधलं ग्रॅफाइट आणि हवेतली वाफ यांचा तपकिरी, चकचकीत थर जमलेला असावा लागतो. तो टिकला तरच घर्षण कमी राहतं. दुसऱ्या महायुद्धात खूप उंचावर उडणाऱ्या विमानांच्या मोटरींचे ब्रश भराभर झिजून भुकटी होऊ लागले, तेव्हा कळलं की तिथल्या कोरड्या हवेत ग्रॅफाइटला वंगण होण्यापुरती वाफच नाही! आपल्याकडे पावसाळ्यात उलटी तऱ्हा. झिजलेल्या कार्बनची भुकटी वीजवाहक, तिला ओल लागली की इन्सुलेशन दगा देतं. मग ‘फ्लॅशओव्हर’ होतो, म्हणजे एका ब्रशकडून दुसऱ्याकडे थेट ठिणगीची माळ.

कर्जत ते लोणावळा या बोरघाटात ३७ मीटरला १ मीटर चढ आहे. तिथं गाडी अडकली आणि मोटर न फिरता तिच्यातून जबर प्रवाह वाहिला, तर ब्रशखालच्या त्याच दोन-चार पट्ट्या तापत राहतात. गाडीला मागून ढकलायला जादा, ‘बँकर’ इंजिन लावतात ते उगाच नाही. खंडेनवमीला शेडमध्ये पूजा होते, इंजिनाला हार आणि लिंबू-मिरच्या लागतात. हौस म्हणून ठीक, पण कार्बनच्या भुकटीला लिंबाचा धाक नसतो. ती हवेच्या झोताने उडवावी लागते.

१९९० च्या दशकात एबीबी या युरोपीय कंपनीच्या तंत्रज्ञानाचं डब्ल्यूएजी-९ आलं आणि हा घासणारा सांधाच गेला. त्यातल्या थ्री-फेज मोटरच्या फिरत्या भागाला वीज तारेने दिलीच जात नाही. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र फिरतं, आत प्रवाह प्रेरित होतो आणि रोटर त्या क्षेत्रापेक्षा किंचित मागे राहून त्याच्यामागे धावतो. ब्रश नाही, पट्ट्या नाहीत, अंडरकटिंग नाही. शिवाय घाट उतरताना हीच मोटर जनित्र होऊन तारेत वीज परत ढकलते. इंजिन महाग, पण शेडमधला मुक्काम कमी. हा सौदा नुसत्या खरेदीच्या किमतीकडे बघणाऱ्याला कधीच पटला नसता.

दुखणं मात्र पूर्ण गेलं नाही, जागा बदलली. डब्ल्यूएजी-९ मध्ये वीज हव्या त्या वारंवारतेची करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये जीटीओ थायरिस्टर नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच असायचे. पुढे जगभर आयजीबीटी हे नवे स्विच आले, जीटीओ मागे पडले आणि चांगल्या मोटरीच्या इंजिनांतही कन्व्हर्टर बदलायची वेळ आली. कॉम्युटेटर शेडमधला फिटर हाताने कोरायचा, इलेक्ट्रॉनिक कार्ड बिघडलं की बनवणाऱ्याकडे जावं लागतं. हल्ली सेन्सर आणि एआय बिघाड आधीच ओळखतील, असा गाजावाजा फार आहे. बेअरिंग तापलंय हे सेन्सर सांगेल, पण स्टोअरमध्ये दुसरं बेअरिंग नसेल तर इंजिन उभंच.

बिहारमधल्या मधेपुऱ्याच्या कारखान्यातून येणाऱ्या १२,००० अश्वशक्तीच्या डब्ल्यूएजी-१२बी इंजिनांसाठी २०१५ मध्ये करार झाला, तो ८०० इंजिनांचा. त्यात देखभालही ती बनवणाऱ्या आल्स्टॉम या फ्रेंच कंपनीकडेच आहे, डेपो सहारनपूर आणि नागपूरला. बिघाडाची झळ आता बनवणाऱ्यालाही बसते. पुढची दुरुस्ती सोपी व्हावी म्हणून इंजिनाची रचनाच बदलायला त्याला कारण मिळतं. रेल्वेच्या स्वतःच्या शेडला ती मुभा कधी नव्हती.