समुद्रतळावरच्या खाणी आणि ‘गंभीर हानी’चं मोजमाप

१९७९ साली प्रशांत महासागराच्या तळावर एक यंत्र फिरवण्यात आलं. गाळावर पसरलेले मँगनीजचे गोळे उचलता येतात का, एवढंच पाहायचं होतं. २०२३ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ त्या जागी पुन्हा पोहोचले, तेव्हा ४४ वर्षांनीही यंत्राच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या. काही लहान, हालचाल करणारे जीव परतले होते. उडालेला गाळ आसपास जिथे बसला, तिथल्या प्राण्यांच्या संख्येवर फारसा टिकाऊ परिणामही आढळला नाही. पण एका जागी चिकटून राहणारे मोठे प्राणी तिथे अजून तुरळकच होते. आणि उचललेले गोळे तर गेले ते गेलेच.

बटाट्याएवढा हा गोळा एखाद्या शार्कच्या दाताभोवती किंवा शिंपल्याच्या तुकड्याभोवती धातूंचे थर बसत तयार होतो आणि दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतो. हवाई आणि मेक्सिको यांच्या दरम्यान, चार ते सहा किलोमीटर खोलीवरच्या क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यात असे गोळे अफाट पसरले आहेत. त्यांत मँगनीजबरोबर निकेल, तांबं आणि कोबाल्ट असतं. मऊ गाळाच्या त्या मैदानात स्पंज आणि प्रवाळांना घट्ट धरून बसायला याच गोळ्यांचा आधार. २०२३ मधल्या एका अभ्यासात या पट्ट्यातून मिळालेल्या ५,५७८ प्रजातींची मोजदाद झाली आणि त्यांतल्या जवळपास ९० टक्के विज्ञानाला अनोळखी होत्या. त्यांना अजून नावही नाही.

हा तळ कोणत्याही एका देशाच्या मालकीचा नाही. १९६७ मध्ये माल्टाचे राजदूत आर्व्हिड पार्डो यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मागणी केली, की राष्ट्रीय हद्दींपलीकडचा समुद्रतळ हा साऱ्या मानवजातीचा वारसा मानावा. श्रीमंत, तंत्रसज्ज देश तो आपसांत वाटून घेतील, ही त्यांची भीती होती. पुढे १९८२ च्या सागरी कायदा कराराच्या १३६ व्या कलमात ही कल्पना उतरली. करार १९९४ मध्ये अमलात आला आणि जमैकातल्या किंग्स्टनमध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण उभं राहिलं. या संस्थेकडे दोन कामं आहेत: खाणकामाची व्यवस्था लावणं आणि सागरी पर्यावरण राखणं. एकाच हाताने परवाना द्यायचा आणि त्याच हाताने रोखायचा, ही रचना मला सुरुवातीपासूनच अवघड वाटते.

करारानुसार ‘गंभीर हानी’च्या धोक्याचे भक्कम पुरावे असले, तर प्राधिकरण एखाद्या भागात खाणकाम नाकारू शकतं. पण किती हानी झाली की ती गंभीर? किती टक्के प्रजाती, किती चौरस किलोमीटर, किती वर्षं? विज्ञानाकडे हे आकडे ठरवायला लागणारी मूळ नोंदच अपुरी आहे. ज्या प्राण्याला नाव नाही, तो नामशेष झाला हे सिद्ध कसं करणार?

कायदा इथे अगदीच मुका नाही. सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या समुद्रतळ कक्षाने २०११ मध्ये सल्लागार मत दिलं. खाणकाम करू पाहणाऱ्या कंपनीच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या देशाने पुरेशी दक्षता घेतली पाहिजे, सावधगिरीचं तत्त्व पाळलं पाहिजे आणि देश गरीब म्हणून या जबाबदाऱ्या सौम्य होत नाहीत, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

मात्र घड्याळ वेगळ्याच कलमाने लावलं. एखाद्या देशाने खाणकामाच्या अर्जाची सूचना दिली, की दोन वर्षांत नियमावली पूर्ण करायची. नाही झाली तरी अर्ज विचारात घ्यावा लागतो, अशी १९९४ च्या पूरक करारातली तरतूद आहे. नाउरू या छोट्या द्वीपराष्ट्राने २०२१ मध्ये ती वापरली. जुलै २०२३ मध्ये मुदत संपली, नियमावली अपुरीच होती. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने, जी या सागरी करारात सहभागी नाही, स्वतःच्या १९८० च्या कायद्याखाली परवाने देण्याची प्रक्रिया वेगाने चालवण्याचा आदेश काढला. पार्डोंची भीती निराधार नव्हती.

खाणकामाची बाजूही ऐकली पाहिजे. जगातल्या खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी निम्म्याहून अधिक एकट्या काँगोतून येतं, आणि निकेलसाठी इंडोनेशियात जंगलं तोडली जातात. बॅटऱ्यांसाठी धातू हवेत, तर माणसांपासून दूरच्या तळावरून का घेऊ नयेत, हा प्रश्न प्रामाणिक आहे. पण समुद्रात खाण सुरू झाली म्हणून जमिनीवरची बंद होईल, अशी हमी कोणताही करार देत नाही. शिवाय लोह-फॉस्फेट बॅटऱ्यांमध्ये निकेलही लागत नाही, कोबाल्टही नाही, आणि वीजगाड्यांत त्या मोठ्या प्रमाणावर वापरल्या जातात.

म्हणून सिद्धतेचं ओझं अर्जदारावर असलं पाहिजे. तळ सावरतो, हे त्याने दाखवावं. सावरत नाही, हे दाखवण्याची जबाबदारी मोजक्या संशोधन जहाजांवर टाकू नये. तीसहून अधिक देश खाणकाम थांबवण्याची किंवा पुढे ढकलण्याची मागणी करत आहेत, आणि ती मला योग्य वाटते. थांबलेल्या काळात करायला काम भरपूर आहे. क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यात १३ क्षेत्रं खाणकामापासून राखून ठेवलेली आहेत. कंत्राटं दिलेल्या भागांच्या मानाने त्यांचं सर्वेक्षण फार थोडं झालंय, आणि तिथे नेमकं काय जपलं जातंय हे आधी पाहायला हवं.