उद्यानाचं आरक्षण उठतंय? हरकत कोण, कशी आणि कधीपर्यंत नोंदवू शकतं

पेपरच्या आतल्या पानावर, टेंडर आणि 'नावात बदल'च्या मधे, बारीक टायपात एक नोटीस येते: 'स.नं. अमुक येथील "उद्यान" हे आरक्षण वगळून सदर क्षेत्र रहिवास विभागात समाविष्ट करणे.' सरळ मराठीत सांगायचं तर बागेच्या जागी इमारत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली असा फेरबदल प्रस्तावित होतो आणि हरकतीसाठी मुदत असते नोटिशीपासून फक्त एक महिना. राजपत्रातली आणि पेपरातली तारीख वेगळी असेल, तर आधीची धरून चाला.

हरकत कोण घेऊ शकतं? कोणीही. जागेची मालकी लागत नाही, शेजारी फ्लॅट असावा लागत नाही. भाडेकरू चालतो, बागेत रोज फिरायला येणारे आजोबाही चालतात. कायद्याने त्यासाठी काही फी ठेवलेली नाही.

अर्ज साध्या कागदावर करा. नोटिशीचा क्रमांक व तारीख, सर्व्हे नंबर, आरक्षण क्रमांक, तुमचा पूर्ण पत्ता आणि 'मला प्रत्यक्ष सुनावणी हवी' हे वाक्य, एवढं हवंच. सोबत नोटिशीचं कात्रण, डीपीचा, म्हणजे शहराच्या विकास योजनेचा, भाग नकाशा (नगररचना विभागात अर्ज करून मिळतो), सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि जागेचे आजचे फोटो जोडा. कुणाच्या नावे द्यायचा ते नोटिशीतच असतं. कधी महापालिका, कधी नगररचना खात्याचे सहसंचालक.

आता मजकूर. 'झाडं जातील, मुलांनी खेळायचं कुठे' हे खरंच आहे, पण तेवढ्यावर थांबू नका. कलम ३७ खाली फेरबदल करता येतो तो विकास योजनेचं मूळ स्वरूप न बदलणाराच. म्हणून डीपी उघडा आणि आपल्या भागात उद्यानं व मैदानं किती दाखवली आहेत, त्यातली प्रत्यक्षात किती झाली, हे मोजून लिहा. दाखवलेल्या पाचपैकी दोनच झाली असतील आणि तिसरी वगळताय, तर स्वरूप बदलतंच, असा मुद्दा मांडता येतो.

आणि आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. आमच्या वॉर्डात सह्यांचा जाडजूड गठ्ठा नगरसेवकांच्या ऑफिसात दिला होता. सुनावणीच्या यादीत त्यातलं एकही नाव नव्हतं. निवेदन वेगळं, हरकत वेगळी. प्रत्येकाने आपापली द्यावी.

आरक्षण उठण्याची दुसरी वाट जास्त घातक, कारण तिथे हरकत मागवतच नाहीत. ती कलम १२७ ची. विकास योजना लागू होऊन दहा वर्षं झाली आणि जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक मालकीच्या कागदपत्रांसह नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत भूसंपादन झालं नाही किंवा त्याची पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. मग शेजारच्या जमिनीवर जे चालतं तेच इथे चालतं, आणि शहरात शेजारी बहुधा रहिवासच असतो. मालकाला दोष देऊन उपयोग नाही. दहा वर्षं त्याची जमीन अडकलेली असते. इथे माहिती अधिकाराचा अर्ज कामाला येतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि विचारा: मालकाची नोटीस कोणत्या तारखेला मिळाली, भूसंपादनाचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला का, बजेटात तरतूद किती, मालकाला टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊ केला का. उत्तराला ३० दिवस लागू शकतात, तेव्हा २३व्या महिन्यात विचारून भागत नाही.

कलम ३७ च्या वाटेवर सुनावणीनंतर प्रस्ताव राज्य सरकारकडे जातो आणि मंजुरी राजपत्रात येते. तिला आव्हान द्यायचं तर उच्च न्यायालय. बेंगळुरूत राजमहल विलास एक्स्टेंशनमधली उद्यानासाठी राखलेली जागा खासगी नर्सिंग होमला दिली गेली, तेव्हा रहिवासी कोर्टात गेले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. अशा कामाला वकिलाकडे जाल, तेव्हा तो आधी ती शिक्क्याची प्रत मागेल.