एनसी झाली, पण गुन्हा कुठे दाखल झाला?

पार्किंगवरून बाचाबाची झाली आणि बी विंगमधल्या एका गृहस्थाने आमच्या काकांच्या कानफटात मारली. काका तडक पोलीस ठाण्यात गेले, दीड तासाने परत आले आणि जिन्यातूनच ओरडले, "केस ठोकली त्याच्यावर!" मी त्यांच्या हातातला कागद बघितला. वर ‘अदखलपात्र’, मध्ये भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२), आणि शेवटी फिर्यादीला कोर्टात दाद मागण्याची समज दिल्याची ओळ. थोडक्यात, काकांनी केस ठोकलीच नव्हती. त्यांच्या हातात एनसी, म्हणजे अदखलपात्र (नॉन-कॉग्निझेबल) गुन्ह्याची नोंद होती.

एनसी आणि एफआयआर हे दोन्ही कागद पोलीस ठाण्यातच मिळतात, दोन्हींवर नंबर आणि शिक्का असतो, म्हणून घोटाळा होतो. फरक पडतो तो ठाण्याच्या पायऱ्या उतरल्यावर.

एफआयआर, म्हणजे पहिली खबर, नोंदवली जाते दखलपात्र गुन्ह्याची. तिथे पोलीस कोणाला न विचारता तपास सुरू करू शकतात आणि गरज पडली तर वॉरंटशिवाय अटकही करू शकतात. अदखलपात्र गुन्ह्यात ते वहीत नोंद करतात, तुम्हाला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायला सांगतात आणि थांबतात. त्यापुढे तपास करायचा तर कोर्टाचा हुकूम लागतो. हुकूम मिळाला तरी वॉरंटशिवाय अटकेचा अधिकार मिळत नाही. तेव्हा हवालदाराने "आम्हाला काही करता येत नाही" म्हटलं की तो दर वेळी टाळाटाळच करत असतो असं नाही. बऱ्याचदा तो कायदाच सांगत असतो. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्यात एफआयआरचं कलम १७३ आणि एनसीचं १७४. नव्या कायद्यात एक भर आहे: एनसींच्या नोंदींचा अहवाल पोलिसांनी दर पंधरवड्याला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचा.

‘अदखलपात्र’ हा शब्द कानाला वाईट लागतो, जणू तुमच्या तक्रारीची कोणी दखलच घेतली नाही. पण कायद्याचा प्रश्न गुन्हा किती वाईट आहे हा नाही. पोलिसांनी कोर्टाला न विचारता त्यात हात घालावा का, हा आहे. अमेरिकेत फेलनी आणि मिस्डिमिनर अशी वाटणी आहे, ती साधारणपणे शिक्षा वर्षापेक्षा जास्त की कमी यावर होते. तिथे राहणारे आपले लोक ‘दखलपात्र म्हणजे फेलनी’ असं समीकरण मांडतात, ते इथे बसत नाही. पहिली बायको हयात असताना दुसरं लग्न केलं तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तरी तो गुन्हा अदखलपात्र. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकार गाडी चालवली तर सहा महिन्यांपर्यंत, आणि तो दखलपात्र! नागरिक सुरक्षा संहितेच्या शेवटी पहिली अनुसूची म्हणून लांबलचक तक्ता आहे, त्यात एकेका कलमापुढे काय ते लिहिलेलं असतं. अंदाज बांधण्यापेक्षा तो तक्ता बघावा. त्यात नव्याने आलेली एक गंमत म्हणजे पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची साधी चोरी आता अदखलपात्र आहे. सायकल गेली तर आधी तिची किंमत काढा.

काकांचं प्रकरण मात्र एनसीवर संपलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरीचा तुकडा मोडताना त्यांची खालची दाढ हलायला लागली. दाताच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तर दाढेचं मूळ मोडलेलं. साधी दुखापत न्याय संहितेच्या कलम ११५ मध्ये येते. पण हाड किंवा दात मोडला, निखळला, तर कायद्याच्या व्याख्येत ती ‘जबर दुखापत’ होते. तिला कलम ११७(२), सात वर्षांपर्यंत शिक्षा, आणि ती दखलपात्र. चापट तीच, मारणारा तोच, एका दाढेने रकाना बदलला. म्हणून मारहाण झाली की ठाण्यातून मेडिकलसाठी यादी, म्हणजे दवाखान्याच्या नावे पोलिसांचं पत्र, मागून घ्यावी आणि सरकारी दवाखान्यात तपासून यावं. आमच्या काकांनी "एवढ्याशा चापटीला कसलं मेडिकल" म्हणून ते टाळलं होतं.

दाताच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट दाखवल्यावर एफआयआर झाली आणि तिची प्रत फुकट मिळाली. ती तशीच मिळायची असते. ठाण्यात नकार मिळाला असता तर? दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात सांगितलंय. नव्या कायद्यात तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या काही प्रकरणांत वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, एवढी फट आहे. तरीही घेतली नाहीच, तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवायचं आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. एनसीवाल्यालाही कोर्टाची वाट मोकळी असते: तपासाचा हुकूम मागा, नाहीतर थेट खासगी फिर्याद करा. ही वाट फार थोडे धरतात. बहुतेकांची एनसी लाइटबिलांच्या फायलीत जाऊन बसते.

आता काकांना वाटलं, बी विंगवाला आत जाणार. चार दिवसांनी तो गेटवर दूध घेताना दिसला तेव्हा त्यांचा पारा चढला. इथे दुसरी जोडी गुंत्यात येते, जामीनपात्र आणि अजामीनपात्र. दखलपात्र असलं की अजामीनपात्र असतंच असं नाही. तक्त्यात त्याचा रकाना वेगळा आहे. कलम ११७(२) दखलपात्र आहे आणि जामीनपात्रही. शिवाय सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करायची नसते, पोलीस सहसा हजर राहण्याची नोटीस देतात. त्याला तशीच नोटीस मिळाली होती.

आणि हो, त्यानेही काकांवर शिवीगाळीची एनसी करून ठेवली होती. पोलिसांनी मग शांतता राखण्याच्या बंधपत्रासाठी चॅप्टर केसची, म्हणजे प्रतिबंधक कारवाईची, नोटीस काढली ती दोघांच्याही नावाने, तारीखही एकच. काका अजून विचारतात, "मार मी खाल्ला, मग बाँड मी का लिहून द्यायचा?"