शिळा पाव म्हणजे वाळलेला पाव नव्हे

काल आणलेला पाव आज हाताला कडक लागला की आपण म्हणतो, ‘वाळला’. पण १८५२ साली बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पाव हवाबंद ठेवून पाहिला. पाणी जायला वाटच नव्हती, तरी पाव शिळा झालाच. गंमत पुढे आहे. तोच पाव पुन्हा भट्टीत तापवला, तेव्हा थोडं पाणी गमावूनही तो मऊ झाला!

भानगड स्टार्चची आहे. भाजताना पिठातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि त्यांची मूळची घडी विस्कटते. पाव निवला की रेणू पुन्हा एकमेकांना बिलगून रांगा धरू लागतात. स्टार्चमध्ये दोन प्रकारचे रेणू असतात: अमायलोज काही तासांतच स्थिरावतं, अमायलोपेक्टिनला काही दिवस लागतात, आणि पाव कडक होतो तो मुख्यतः या दुसऱ्यामुळे. या रांगा साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वर मोडतात. फ्रिजच्या थंडाव्यात मात्र त्या अधिकच भराभर जमतात, म्हणून पाव फ्रिजमध्ये ठेवणं हा त्याला शिळा करायचा उत्तम उपाय.

हे शास्त्र माहीत नसतानाही इटलीतल्या तोस्काना प्रांताच्या स्वयंपाकघरांनी त्याचा पुरेपूर फायदा उठवला. तिथला पाव जाड सालीचा आणि बिनमिठाचा. शेजारच्या पिसा शहराने मीठ अडवलं म्हणून तो अळणी, ही त्यामागची लाडकी दंतकथा. ताजा खाताना तो मला तरी जरा बेचवच लागतो. त्याची खरी मजा शिळेपणात.

पान्झानेल्ला हे तिथलं पावाचं सॅलड घ्या. शिळा पाव गार पाण्यात भिजवायचा, मुठीत घट्ट पिळायचा आणि बोटांनी मोकळा करायचा. मग टोमॅटो, कांदा, काकडी, तुळशीच्याच कुळातला बेसिल, व्हिनेगर आणि ऑलिव्ह तेल. गार पाण्याने स्टार्चच्या रांगा मोडत नाहीत. त्यामुळे पाव पाणी पितो, पण विरघळत नाही. भिजलेल्या पोह्यांसारखा सुटा राहतो.

मी पहिल्यांदा हे कापीव सँडविच ब्रेडवर करून पाहिलं. मुठीत उरला तो लगदा, थेट पुस्तकं चिकटवायच्या खळीसारखा. चूक ब्रेडची नव्हती. तो दिवसेंदिवस मऊ राहावा म्हणून त्यात बहुधा इमल्सिफायर (तेल आणि पाणी एकजीव ठेवणारे पदार्थ) घातलेले असतात, आणि ते नेमकं स्टार्चचं हे रांगा धरणंच लांबवतात. शिवाय त्याचा गर मुळातच हलका आणि लुसलुशीत.

आता तोच तोस्कानी पाव उकळत्या टोमॅटोच्या रसात टाका. इथे ६० अंश केव्हाच ओलांडलेले असतात. रांगा मोडतात, स्टार्च पुन्हा पाणी शोषतं आणि पातळ रस चमच्यावर उभा राहील इतका दाट होतो. ही झाली पाप्पा अल पोमोदोरो. पांढरा घेवडा आणि काळसर पानांच्या कोबीची रिबोल्लिताही याच वाटेने जाते. तिच्या नावाचा अर्थच ‘पुन्हा उकळलेली’.

दक्षिणेत, सिसिलीकडे, पाव खरोखरच वाळवतात. त्याचा चुरा ऑलिव्ह तेलात लसणीबरोबर खरपूस परतायचा आणि चीज परवडत नसे तेव्हा तोच पास्त्यावर भुरभुरायचा. चुऱ्यात ओल राहिली असेल तर आधी ती उडून जावी लागते, तोवर रंग चढत नाही. म्हणून नुसता शिळा पाव असेल तर आधी मंद ओव्हनमध्ये खडखडीत वाळवून घ्यावा.