हँडल थरथरतंय? आधी कारण शोधू, मग पार्ट बदलू

मोटरसायकलचं हँडल थरथरतं तेव्हा दोष हँडलमध्येच असतो असं क्वचितच घडतं. चाक, इंजिन, चेन, ब्रेक, कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग), कुठेही बिघाड असला तरी तो फ्रेममधून वर चढतो आणि तुमच्या हातांना जाणवतो. म्हणून नुसतं ‘व्हायब्रेशन येतंय’ एवढ्यावर आम्ही गॅरेजमध्ये गाडी खोलत नाही. कधी येतं, ते आधी विचारतो. अंदाजाने एकामागून एक पार्ट बदलत जाणं आम्हाला पटत नाही. त्यात तुमचा खर्च होतो आणि दोष गाडीतच राहतो.

वेगाबरोबर की आरपीएमबरोबर?

थरथर गाडीच्या वेगाबरोबर बदलते की आरपीएमबरोबर, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांबरोबर, हे सगळ्यात आधी ठरवा. मोकळ्या, सरळ, गुळगुळीत रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, थरथर सर्वांत जास्त जाणवते त्या वेगाला या. वेग तोच ठेवून एक गिअर वर किंवा खाली करा. गिअर बदलताच थरथर बदलली तर रोख इंजिनाकडे आहे. काहीच फरक पडला नाही तर चाकांकडे. मग क्लच दाबून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा. गाडी त्याच वेगाने घरंगळत असताना थरथर थांबली, तर ती इंजिनाची किंवा ओढ पडलेल्या चेनची होती. तशीच राहिली, तर टायर, रिम, बेअरिंग बघायचे. हे करताना दोन्ही हात हँडलवरच हवेत. हात सोडून ‘बघू किती हलतंय’ असं कृपया करू नका.

हाताला थरथर कशी लागते यावरूनही बरंच कळतं. 5000 आरपीएमला क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) सेकंदाला साधारण 83 वेळा फिरतो, तर 80 किमी वेगाला चाक सेकंदाला जेमतेम 11-12 वेळा. त्यामुळे इंजिनाचं व्हायब्रेशन बारीक, मुंग्या आणणारं असतं आणि चाकाचं जाड, थडथड हलवणारं.

इंजिनाकडून येत असेल तर

सिंगल सिलिंडर इंजिन थोडं थरथरणारच. बॅलन्सर शाफ्ट ते कमी करतो, पूर्ण घालवत नाही. गाडी नवी असल्यापासून एका ठरावीक आरपीएमला तेवढंच येत असेल तर तो बहुधा दोष नाही. अलीकडे सुरू झालं किंवा वाढलं असेल, तर आम्ही आधी इंजिनाचे फाउंडेशन बोल्ट, म्हणजे इंजिन फ्रेमला धरून ठेवणारे बोल्ट, पाहतो. बोल्ट हलत असला की त्याच्या वॉशरभोवती गंजासारखी तांबूस भुकटी जमते. बॅटरीच्या उजेडात ती स्वच्छ दिसते, कधी बोल्टच्या कानाशी बारीक तडाही सापडतो. बोल्ट घट्ट करायचे ते कंपनीने दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या ठरलेल्या जोरानेच). पाना ओढून नुसते आवळले तर आटे जातात.

हँडलच्या टोकांची वजनं जागेवर आहेत ना, तेही पाहा. ती शोभेची नाहीत. हातरक्षक किंवा नवे ग्रिप बसवताना ती काढली जातात आणि दुसऱ्या दिवशी बोटं बधिर होऊ लागतात.

चाकाकडून येत असेल तर

सुरुवात हवेपासून. गाडी थंड असताना दाब मोजा. नंतर मेन स्टँडवर चाक हाताने फिरवा आणि रिमच्या काठाला लागून टायरवर असलेली बारीक रेघ बघा. ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर हवी. नवा टायर टाकल्यावर किंवा पंक्चर काढल्यावर थरथर सुरू झाली असेल, तर टायर नीट बसला नसल्याची किंवा बॅलन्सिंग बिघडल्याची शक्यता मोठी. रिमजवळ एक तार स्थिर धरली की रिम किती आऊट, म्हणजे वाकडी फिरते आहे, ते दिसतं. बऱ्याच गाड्यांना 2 मिमीपर्यंत चालतं, त्यापुढे नाही. आऱ्यांचं चाक असेल तर प्रत्येक आरीवर पान्याने हलकं टिचकवा. सैल आरीचा आवाज बोदा येतो.

चेनही एकाच ठिकाणी तपासून भागत नाही. चाक फिरवत चार-पाच जागी ढिलाई बघा. एकीकडे ताणलेली, दुसरीकडे लोंबणारी असेल तर ती समायोजनाने सुधारत नाही, स्प्रॉकेटसह (चेन ज्यांवर फिरते त्या दातेरी चक्रांसह) बदलावी लागते.

फक्त ब्रेक लावतानाच येत असेल तर

डिस्क वाकडी किंवा असमान झिजलेली असते, लिव्हरही बोटाखाली मागेपुढे ढकलल्यासारखा लागतो. ड्रम असेल तर तो गोल राहिलेला नसतो.

वेग उतरताना हँडल डुलत असेल तर

ॲक्सिलरेटर सोडल्यावर, साधारण 70 वरून 50 वर येताना हँडल डावं-उजवं डुलत असेल, तर पुढच्या टायरची खाचाखाचांची झीज आणि ढिला कोनसेट यांवर संशय घ्यावा. मागच्या पेटीतलं जड सामानही ते वाढवतं, म्हणून पेटी रिकामी करून एकदा चालवून बघा. कोनसेट तपासायला पुढचं चाक जमिनीपासून उचललेलं हवं. शॉकअपची खालची टोकं धरून पुढेमागे हलवा. खटका लागला तर तो ढिला आहे. मग हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मधोमध अडकल्यासारखं झालं तर आतल्या रेसला (बेअरिंगचे गोळे जिच्यावर फिरतात त्या कडीला) खड्डे पडले आहेत, आणि आवळून काही होणार नाही, कोनसेट नवा घालावा लागेल.

गाडी आणताना एवढं सांगा: किती वेगाला, कोणत्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर धरल्यावर की सोडल्यावर, आणि त्याआधी गाडीवर कोणतं काम झालं होतं. पुढचं चाक धरून हलवल्यावर डुलत असेल, किंवा हँडल मध्येच अडकत असेल, तर मात्र गाडी चालवत आणू नका. दुसऱ्या वाहनात चढवून आणा.