सायक्लॉप्सपासून खेकड्यापर्यंत: एकाच घराण्याची ओळख

मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना नारू अजून आठवतो. पायाला फोड यायचा, फुटला की पांढरा दोऱ्यासारखा जंत दिसायचा आणि तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढावा लागायचा. याचं मूळ पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक जीवात होतं. नारू झालेला माणूस बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय घाली, जंताची पिल्लं पाण्यात पडत, सायक्लॉप्स ती खात. ते पाणी न गाळता पिणाऱ्याला साधारण वर्षभराने नारू होई. पाणी कापडाने गाळणं आणि पायऱ्यांच्या विहिरींऐवजी हातपंप, अशा साध्या उपायांनी ही साखळी तुटली. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. मला ही आपल्याकडच्या सार्वजनिक आरोग्याची फार मोठी कमाई वाटते.

सायक्लॉप्स जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा. विहिरीचं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडासमोर धरलं, तर झटके देत पळणारा पांढुरका ठिपका दिसतो. भिंगाखाली कपाळावर एकच डोळा, आणि मादी असेल तर शेपटीच्या दोन्ही अंगांना अंड्यांची एकेक पिशवी. हा जीव आणि मांजरेकाठच्या चिखलातला खेकडा एकाच घराण्यातले: कवचधारी.

नुसत्या कवचावरून ओळखायला गेलं तर फसगत होते. गोगलगायीला, शिंपल्यालाही कवच असतं, पण ते मृदुकाय, म्हणजे मऊ अंगाच्या प्राण्यांच्या वेगळ्या घराण्यातले. खरी खूण मिशांची, म्हणजे शृंगिकांची. विंचवाला त्या नसतातच, गोमेला आणि कीटकांना एक जोडी, कवचधाऱ्यांना दोन. खेकड्याच्या आखूड असतात; डोळ्यांच्या मधल्या भागात नीट पाहावं लागतं.

दुसरी खूण बालपणाची. बहुतेकांच्या वाढीत नॉप्लिअस नावाची एकडोळी, तीन जोड्या उपांगांची अवस्था येते. खडकाला चिकटून बसणारे बार्नकल पूर्वी शिंपल्यांत गणले जात. १८३० मध्ये जॉन व्हॉन थॉम्प्सन यांनी त्यांच्या पिल्लांचं वर्णन केलं, तेव्हा त्यांची खरी जात कळली. गोड्या पाण्यातला खेकडा मात्र या अवस्था अंड्यातच उरकतो. मादीच्या पोटाखालून थेट चिमुकले खेकडे बाहेर पडतात.

पुढची वर्गवारी मुख्यतः पाय आणि शरीराचे खंड पाहून होते. खेकडा आणि झिंगा दशपाद: नांग्या धरून पाच जोड्या पाय. ओल्या कुंडीखालचा, सात जोड्या पायांचा चपटा राखाडी किडा त्यांच्याच मोठ्या वर्गात बसतो, कीटकांत नाही. सायक्लॉप्सचा गट वेगळा. पावसाळी डबक्यात पानासारखे पाय हलवत पोहणारे परी-झिंगे आणखी वेगळे. डबकं आटलं तरी त्यांची अंडी सुक्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात.

जनुकांच्या अभ्यासाने या मांडणीला मोठा धक्का दिला. कीटक कवचधाऱ्यांचे शेजारी नसून त्यांच्याच एका फांदीतून निघालेले आहेत. समुद्रकाठच्या गुहांतल्या पाण्यात राहणारे, डोळे नसलेले रेमिपीड नावाचे कवचधारी हे कीटकांचे सर्वांत जवळचे नातलग मानले जातात. त्या हिशेबाने आपल्या कापसावरची बोंडअळीही या घराण्याबाहेरची नाही.