कोल्हापूर ते जळगाव: हवाई अंतर, उड्डाणाचा वेळ आणि बिलातले तास

कोल्हापूरहून जळगावला चार्टर, म्हणजे पूर्ण भाड्याने घेतलेल्या, विमानाने जायचं असेल तर ही माहिती कामी येईल. कोल्हापूर (उजळाईवाडी) आणि जळगाव विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर सुमारे ५०० किमी, म्हणजेच २७० नॉटिकल मैल आहे. पुणे, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर असा रस्ता धरला तर तेच सव्वासहाशे किमीच्या आसपास भरतं.

सहा-आठ आसनी टर्बोप्रॉप, म्हणजे पुढे पंखे असलेलं विमान (किंग एअर बी२००सारखं), २७० नॉटच्या, म्हणजे ताशी २७० नॉटिकल मैलांच्या आसपास उडतं. गणिताने एक तास येतो, पण चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, म्हणून हवेत १ तास ५ ते १० मिनिटं धरा. छोट्या जेटला साधारण ५० मिनिटं लागतात. हेलिकॉप्टरला दोन तासांहून जास्त लागतात आणि वाटेत इंधन घ्यावं लागू शकतं, त्यामुळे एवढ्या पल्ल्यासाठी आम्ही ते सुचवत नाही.

सरळ रेषा बारामतीच्या थोडी पूर्वेकडून निघून संभाजीनगरजवळून जाते. अहिल्यानगरजवळ लष्कराचं गोळीबार क्षेत्र आहे. ते चालू असेल तर वळसा पडतो आणि चार-पाच मिनिटं वाढतात. वाऱ्याची धास्ती मात्र नको. मार्ग जवळजवळ दक्षिणोत्तर असल्याने हिवाळ्यातला पश्चिमेचा वारा बाजूने लागतो, जळगावकडे जाताना थोडी मदतच करतो. अगदी २० नॉटचा वारा थेट समोरून आला तरी पाचच मिनिटं जातात.

खरी अडचण जळगावच्या उन्हाची. मे महिन्यात दुपारी पारा ४४ अंशांवर गेला की हवा विरळ होते. विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण ८५० फुटांवर, पण विमानाला तो ४,५०० फुटांवर असल्यासारखा वाटतो. पंख आणि इंजिन दोन्हींची ताकद घटते, धावपट्टी जास्त लागते, आणि मग प्रवासी, सामान किंवा इंधन यांपैकी काहीतरी कमी करावं लागतं. एप्रिल-मेमध्ये जळगावहून सकाळी लवकर निघा, हा आमचा आग्रह आहे. पावसाळ्यात कोल्हापूरला खाली आलेले ढग आडवे येतात. तिथे उतरता आलं नाही तर बेळगाव जवळ, सुमारे ९५ किमी. जळगावसाठी पर्याय संभाजीनगर, सुमारे १२५ किमी. तिथपर्यंतचं आणि वर अर्ध्या तासाचं इंधन विमानात ठेवावंच लागतं. त्याचंही वजन मोजलं जातं.

बिल हवेतल्या वेळेवर नसतं. विमान जागेवरून हललं की तास सुरू होतो, दुसरीकडे जागेवर थांबलं की संपतो. त्यामुळे टर्बोप्रॉपच्या या एकेरी प्रवासाची साधारण १ तास २० मिनिटं धरली जातात. शिवाय विमान मुंबईत उभं असेल तर मुंबई-कोल्हापूर ३१० किमी आणि जळगाव-मुंबई ३५५ किमी रिकामं उडतं, आणि तेही बिलात येतं. ५०० किमीच्या प्रवासासाठी विमान जवळपास १,१६५ किमी उडतं. म्हणून दर विचारताना विमान कुठे उभं आहे ते आधी विचारा. त्याच दिवशी परतायचं असेल तर विमान जळगावलाच थांबवणं कधीकधी स्वस्त पडतं.

बुकिंग करताना प्रत्येकाचं खरं वजन आणि बॅगांचं वजन कळवा, अंदाजाने नको. छोट्या विमानतळांच्या कामाच्या वेळा ठरलेल्या असतात. त्याबाहेर उडायचं असेल तर परवानगी आधी घ्यावी लागते, म्हणून उड्डाणाची वेळ दोन-तीन दिवस आधी पक्की करा. सरकारी ओळखपत्र घेऊन उड्डाणाच्या ४५ मिनिटं आधी पोहोचा.